समुद्रातली सरी

श्रावण निम्मा सरला की शिरड शहापूरच्या आमच्या शेतात हळदीला भर द्यायचं काम निघतं. हळद गुडघ्याच्या वर गेलेली असते. खाली गड्डा फुगायला लागतो आणि फुगता फुगता मातीतून डोकं वर काढतो. तो उघडा राहिला तर हिरवा पडतो, त्याच्यावर कंदमाशी अंडी घालते, आणि वरून टवटवीत दिसणारं झाड आतून कुजत जातं. म्हणून दोन ओळींच्या मधली जी सरी असते, तिच्यातली माती ओढून झाडाच्या बुडाशी लावायची आणि गड्डा झाकायचा. हीच भर. आता बरेच जण हळद गादीवाफ्यावर लावतात, ठिबकच्या नळ्या पसरतात, भर द्यायलाही यंत्र आणतात. माझी माय अजून सरीवरच लावते आणि भर हाताने देते. यंत्राला गड्डा दिसत नाही, असं तिचं म्हणणं आहे.

मी रविवारची हिंगोलीहून एसटीने येते आणि बांधावर उभी राहते. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे झाडांशी माझा संबंध बहुतेक फळ्यावरचा. "तू जलमाची बांधावरची," माय म्हणते. "उतर की खाली. चिखल काय चावतो का?" मी उतरत नाही. लांबून बघितलं की माणूस आणि त्याचं काम दोन्ही नीट दिसतात, असं माझं मत आहे. लांब उभं राहणाऱ्याला घाम येत नाही, असं मायचं.

ओल्या काळ्या मातीचा वास, त्यात हळदीच्या पानांचा उग्र वास, आणि वाकलेल्या बाया. एवढ्या सामानातून मला दरवर्षी समुद्र आठवतो. हे ऐकून कोणालाही हसू येईल. आमच्या जिल्ह्यात समुद्र सोडा, समुद्राकडे जाणारी वाटही नाही. लहानपणी मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण, आणि त्याच्या पलीकडच्या काठावरची झाडं दिसत होती. तरीही माझ्या आयुष्यात एक हंगाम असा आहे की त्यात सगळं पाणीच पाणी आहे, आणि त्या पाण्याच्या तळाशी, मायच्या हाताने पाडलेली एक सरी आहे.

शिक्षणासाठी मी तमिळनाडूत दोन वर्षं होते. तिथून निघाले तेव्हा पदवी मिळाली होती, कामापुरती तमिळ येत होती आणि नोकरी नव्हती. मग रामेश्वरच्या अलीकडच्या एका मच्छीमार गावात एका संस्थेचं काम मिळालं, एका हंगामापुरतं. काम होतं समुद्रात गवत लावायचं. हे बाला, म्हणजे माझ्या बापाला, सांगितलं तेव्हा तो ओसरीवर विळ्याला धार लावत होता. त्याने धार लावणं थांबवलं नाही.

"शेवाळ म्हन."

"शेवाळ नाही, बा. गवतच. मुळं, खोड, पानं, बारीक फुलंसुद्धा. जमिनीखालून हराळीसारखं पळतं."

हराळी म्हटल्यावर मात्र धार थांबली. आमच्याकडे हराळी ही काही साधी गोष्ट नाही. एखाद्याला शाप द्यायचा तर 'तुझ्या वावरात हराळी माजो' एवढं पुरतं. माझ्या आईबापांनी उभा जन्म हराळी खणून बांधावर टाकण्यात घालवला, आणि हराळीने आपला, बांधावरून पुन्हा शेतात उतरण्यात.

"म्हंजे शिकून-सवरून हराळी लावायला चालली," बा म्हणाला. "आन तेबी पान्यात."

मी त्याला समजावलं. हे गवत असलं की त्यात खेकड्यांची, कोळंबीची, माशांची पिल्लं लपतात आणि मोठी होतात. गवत गेलं की मासळी जाते. लाटेचा जोर गवतात मोडतो, किनारा खचत नाही. आणि हवेतला कर्ब ते गवत आपल्या मुळांखालच्या गाळात गाडून ठेवतं, त्याला बाहेर येऊ देत नाही. हवामान बिघडत चाललंय त्याला हा एक उतारा आहे. कर्ब हा शब्द बाला ठाऊक होता. मातीपरीक्षणाच्या अहवालात आमच्या शेताचा सेंद्रिय कर्ब दरवेळी कमी निघायचा आणि कृषी सहायक दरवेळी शेणखत टाका म्हणून सांगायचा.

"मंग समुद्राला बी शेनखत टाका की," बा म्हणाला आणि पुन्हा धार लावायला लागला. परवानगी मिळाली, असा त्याचा अर्थ.

माय माझ्यासोबत आली, ती माझ्या काविळीमुळे. मी नुकतीच कावीळ होऊन उठले होते आणि हळदीच्या गावची पोरगी पिवळी पडली म्हणून अख्ख्या गल्लीने विनोद करून घेतले होते. माघ महिना, हळद काढणीची वेळ, घरात कामाचा डोंगर, आणि माय म्हणाली, मी पोरीसोबत जाते. बाने, काकूने, शेजारणींनी सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती एकच वाक्य बोलत राहिली: "हळद काय, बाप्याच्या हातानं बी शिजती." तिने पिशवीत दोन लुगडी, ज्वारीचं पीठ आणि हळद घेतली. खुरपंही घेतलं होतं, ते मी हिंगोली स्टेशनवर काढून बाकड्याखाली ठेवायला लावलं, तर ते घेऊन जायला काकाला मुद्दाम यावं लागलं.

त्या प्रवासातलं एकच स्टेशन मला लख्ख आठवतं. आमच्या भागात हळदीचं जे वाण लावतात त्याचं नाव सेलम. "औंदा सेलम लावली," "सेलम बरी उतरली," हे आम्ही पाळण्यापासून ऐकलेलं. सेलम म्हणजे हळद, याच्यापुढे त्या शब्दाला काही अर्थ असेल हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. गाडी एका स्टेशनात शिरली आणि मायने पाटीवरचं हिंदी नाव एकेक अक्षर जोडत वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे गाव हाय?"

"गावच आहे. आपलं बेणं इथलंच. म्हणून तर नाव."

ती दारापर्यंत गेली. फलाटावर इडलीवाले ओरडत होते, एक म्हातारा नळाखाली डोकं धरून उभा होता, हळदीचं कुठे नाव नव्हतं. माय तरीही दाराला धरून गाडी हलेपर्यंत बघत राहिली. "म्हायेर हाय आपल्या हळदीचं," ती परत येऊन म्हणाली. "लेक नांदायला पाटवावी आन एकदा बी इचारू नये, असं झालं."

तो समुद्र काही चित्रातल्या समुद्रासारखा गर्जत नव्हता. उथळ, संथ, हिरवट. लांबवर चालत गेलं तरी पाणी कमरेलाच. एकेकाळी तिथे तळाला गवताचं रान होतं, असं गावातल्या म्हाताऱ्या सांगायच्या. मग यांत्रिक बोटी आल्या, त्यांची ओढायची जाळी तळ खरवडून न्यायला लागली, नांगर पडू लागले, गाळ उडू लागला. किनाऱ्याला लागून गवत उरलं ते ठिगळाठिगळांनी. खेकडे कमी झाले. तिथल्या बाया कमरेइतक्या पाण्यात उतरून खेकड्याची जाळी लावत. घरची मीठमिरची त्यावर चालायची.

शेल्वी ही त्या बायांची पुढारी. माझ्याहून थोडी मोठी, काटक, बोलायला लागली की दोन्ही हात चालायचे. आम्हाला गवत लावायला जी जागा मिळाली होती, ती शेल्वीच्या सासूची जाळी लावायची जागा होती. सासूने ती सहजासहजी सोडली नव्हती. शेल्वीने तिच्याशी भांडून, बाकीच्या बायांना पटवून, ती जागा एका हंगामापुरती मोकळी करून घेतली होती. आणि सगळ्यांसमोर शब्द दिला होता की हंगाम संपेपर्यंत गवताने जमीन धरली नाही तर बांबूच्या चौकटी मी माझ्या हाताने उपटून टाकीन, पुन्हा गवताचं नाव काढणार नाही. हंगामी नोकरी माझी होती. गेली असती तर दुसरी मिळाली असती. शेल्वीला मात्र त्याच घरात, त्याच सासूच्या हाताखाली, त्याच गावात राहायचं होतं.

कामाची पद्धत साधी होती. जिथे गवत दाट होतं तिथून थोडे थोडे कोंब मुळासकट सोडवून आणायचे. किनाऱ्यावर ताडाच्या झावळ्यांच्या मांडवात बसून ते काथ्याच्या दोरीला बांधायचे. दोऱ्या बांबूच्या चौकटीवर ताणायच्या आणि त्या चौकटी उथळ पाण्यात तळाला बसवायच्या, ओळीने. कोंब सुकू नयेत म्हणून हात भराभर चालावे लागत. माय पहिल्या दिवशी मांडवाच्या कडेला बसली. दुसऱ्या दिवशी एक कोंब हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. जमिनीखालून आडवं धावणारं पांढरं खोड, त्याला पेरापेराला मुळं आणि वर चारदोन हिरव्या पात्या.

"ही तर हराळीच की गं," ती म्हणाली, आणि कपाळाला हात लावला. "जलमभर जी उपटली ती लेकीनं बांधायला लावली."

पण बांधायला बसली. तिची गाठ शेल्वीला आवडली. घट्ट, तरी खोडाला काचणारी नव्हे. हळदीच्या पोत्याला मारतात ती गाठ, थोडी सैल करून. शेल्वी तिला अम्मा म्हणायची. माय एक गाठ मारून झाली की ती वर धरायची आणि विचारायची, "बराबर?" शेल्वी बघून मान डोलवायची, "सरी." मग पुढची गाठ. "बराबर?" "सरी." दुपारभर हे दोन शब्द मांडवात इकडून तिकडे जात राहायचे. एक हैदराबादच्या निजामाच्या राजवटीतून आमच्या तोंडात राहिलेला, एक तमिळ. तमिळमध्ये 'सरी' म्हणजे ठीक आहे, चालेल. हे मी मायला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ आली नाही. इतकं सुरळीत चाललेलं बोलणं मधे पडून समजावून सांगावं असं वाटतं तरी कुणाला?

संध्याकाळी आम्ही बाला फोन लावायचो. तिकडे हळद शिजत होती. बा वाफेच्या धुरातून ओरडून बोलायचा, हळद किती शिजली ते सांगायचा आणि शेवटी विचारायचा, "हराळी उगली का?" पंधरवड्यात काही कोंबांना नवी पात फुटली तेव्हा मी त्याला हो म्हणून सांगितलं, संस्थेला फोटो पाठवले, मैत्रिणींना पाठवले. चार पात्यांवर मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते. शेल्वी मात्र कुणाला काही सांगत नव्हती. तिची सासू रोज सकाळी किनाऱ्यावर येऊन, पाण्याकडे तोंड करून उभी राहायची आणि परत जायची.

मग एकदा काथ्या संपला आणि तो आणायला मी तालुक्याच्या गावाला गेले. तिथून संस्थेच्या बैठकीला जावं लागलं, तीनचार दिवस मोडले. मागे अमावास्येची मोठी ओहोटी आली. पाणी नडगीपर्यंत उतरलं आणि किनाऱ्याजवळच्या चौकटी वरून स्पष्ट दिसायला लागल्या. माय आणि शेल्वी त्या बघायला पाण्यात गेल्या. पाण्यात वाळू थोडी वाहून गेली होती आणि गवताची पांढरी खोडं उघडी पडली होती. त्यांच्यावर बारीक शंख चढलेले. हे समुद्रात रोजचंच. पण मायने जन्मात उघडा पडलेला गड्डा पाहून तसाच सोडला नव्हता. तिने शेल्वीला ते खोड दाखवलं, दोन्ही तळव्यांनी वाळू ओढून झाकायची खूण केली आणि विचारलं, "बराबर?"

शेल्वीचं लक्ष दुसऱ्या चौकटीच्या सुटलेल्या दोरीकडे होतं. ती म्हणाली, "सरी, सरी."

मायने ऐकलं: सरी पाड. हे काम तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. शेल्वी पुढे गेली आणि माय मागे वाकली. तीन ओळींच्या मधली वाळू तिने दोन्ही हातांनी ओढली, सरळ सरी पाडली, आणि प्रत्येक कोंबाच्या बुडाशी भर दिली, थापटून पक्की केली. पाण्यात वाळू बसत नव्हती तर खालचा गाळ काढून लावला. तिच्या शेतातल्या भरीपेक्षा ती भर चांगली झाली असावी. पाणी चढायला लागलं तेव्हा ती वर आली. कंबर धरून, पण खूश.

मी परतले तेव्हा त्या तीन ओळी काळ्या पडल्या होत्या. हळदीचं झाड उंच; बुड मातीत वीतभर गाडलं तरी पानं वर राहतात. हे गवत बोटभर. त्याची पात बुडातून वाढते, आणि ते बुड गाडलं की उजेड गेला, श्वास गेला, सगळं संपलं. मी गाळ बाजूला केला तर खोडं हाताला लिबलिबीत लागली आणि कुजका वास आला. माय शेजारी उभी होती. तिला सांगावं लागलं नाही. कुजलेला कंद तिला माझ्याआधी कळतो.

"मी दिली भर," ती म्हणाली. "तिनं सरी म्हनलं."

मी तिला सरीचा अर्थ सांगितला. तिने एक कुजलेलं खोड उचलून पाहिलं. मग म्हणाली, "मंग बोलायचं न्हाई का आदी?" हे ती मला म्हणाली की स्वतःला, मला कळलं नाही. मी त्याही वेळी थोडी बाजूला उभी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया मांडवात जमल्या. तीन ओळी मेल्याचं गावात पसरलं होतं. सासू सगळ्यांच्या मधे बसली, सुनेकडे न बघता म्हणाली, "काय झालं ते सांग." शेल्वीने माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि म्हणाली, "अमावास्येच्या लाटेनं वाळू आणून टाकली. ओळी गाडल्या गेल्या."

मी ते खोडलं नाही. ती मायला वाचवत होती हे उघड होतं, आणि ते मला बरं वाटलं. सासू मात्र शांतपणे म्हणाली, "मग पुढच्या अमावास्येलाही टाकेल. समुद्राला तिथे गवत नको असेल तर तू कोण लावणारी? चौकटी काढ. जागा सोड." दोघीतिघी बाया मान हलवायला लागल्या. शेल्वीने दिलेला शब्द असाच होता, आणि आता तो तिला स्वतःच्या तोंडाने पाळावा लागणार होता. तिचे हात पहिल्यांदाच मांडीवर पडून होते.

"काय म्हनून राहिल्या?" मायने मला विचारलं. मी हळू आवाजात सांगितलं.

"लाटानं?" माय म्हणाली. "लाटानं काहून? म्या केलं ते."

ती उठली. बायांच्या मधे जाऊन खाली बसली. बोटाने वाळूत दोन रेघा ओढल्या. बांधायचा उरलेला एक कोंब उचलून मधे खोचला. मग दोन्ही तळव्यांनी दोन्ही बाजूंची वाळू ओढली, त्याच्यावर लावली, थापटली, पुन्हा लावली, कोंब दिसेनासा होईपर्यंत. आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "ह्या हातानं," ती मराठीत म्हणाली. "लाट न्हाई. ह्या हातानं. आमच्याकडं हळदीला असंच करतेत."

मी भाषांतर केलं, पण मला वाटतं त्याची गरज नव्हती. सासू सरकून त्या ढिगापाशी आली. तिने एका बोटाने वाळू बाजूला केली, कोंब मोकळा केला, त्याची पात झटकली. मग शेल्वीला विचारलं, "बाकीच्या ओळी?"

"जिवंत आहेत."

"गाडल्या नाहीत?"

"नाहीत."

"म्हणजे समुद्रानं काही केलेलं नाही," सासू म्हणाली. ती उठली, पदर झटकला, आणि जाता जाता म्हणाली, "तर मग पुढच्या हंगामापर्यंत बघू."

एवढंच. शेल्वीच्या खोट्याने तिचं सगळं बुडणार होतं आणि मायच्या खऱ्याने ते वर आलं, हे मला तेव्हा लगेच कळलं नाही; चालत घरी जाताना कळलं. मायला ते कधी कळलं की नाही, मी विचारलेलं नाही. तिने काही वाचवण्यासाठी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याने केलं असं कुणी म्हणावं, हे तिला सहन झालं नाही, इतकंच. मला मात्र तिचा फार अभिमान वाटला, आणि तिच्याजवळ जाऊन मी तो बोलून दाखवला नाही.

शेल्वीला मी नंतर सगळी गोष्ट सांगितली, सरी म्हणजे आमच्याकडे काय ते. तिने तोंडावर हात घेतला. हसली की रडली ते हाताआड राहिलं. त्यानंतर तिने मायसमोर 'सरी' म्हणणं बंद केलं. माय गाठ वर धरायची आणि विचारायच्या आधीच शेल्वी जीभ वळवून म्हणायची, "बराबर." पण माय पुन्हा पाण्यात उतरली नाही. मांडवात बसून हंगाम संपेपर्यंत गाठी मारत राहिली.

मग हंगाम संपला आणि कामाचा पैसाही. आम्ही परत आलो. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गवताचं सगळं चांगलं झालं असं म्हणायची मला घाई नाही. 'पी हळद आणि हो गोरी' असं समुद्रात तर मुळीच होत नाही. दोन वादळं झाली, काही ओळी उखडल्या, एक वर्ष पाणी इतकं तापलं की पाती करपल्या. पण उरलेल्या ओळी आडव्या धावल्या, एकमेकींना भेटल्या, आणि सासूने पुढच्या हंगामात जागा परत मागितली नाही. शेल्वीने नंतर कुणाची तरी मदत मिळवून शेजारच्या गावातही ओळी लावल्या. ती अधूनमधून फोन करते. आणि माय दरवेळी, ज्वारीची खळी असोत की विहारात वर्षावासाचं वाचन, फोनवर शेल्वी आहे असं कळलं की मला एकच विचारायला लावते: "त्या तीन ओळींचं काय झालं?"

शेल्वीला खोटं बोलण्याचा धडा एकदाच पुरला होता. ती दरवेळी सांगायची, "इल्लै, अम्मा." नाही. आजूबाजूला गवत झालं तरी त्या तीन ओळींची जागा उघडीच होती. माय "बरं" म्हणायची आणि कामाला लागायची. मी तिला समजावून सांगत असे की चारदोन हात वाळूने काही बिघडत नाही, अख्खं रान तगलंय. ती ऐकून घ्यायची. आपल्या हाताने नासलेलं दुसऱ्याच्या हाताने बरं झालं, यावर तिचं समाधान नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात, बेणं निवडताना, तिने चांगले जेठे, म्हणजे मूळ बुडाचे, गड्डे बाजूला काढले, गोणपाटात बांधले आणि माझ्या हातात दिले. "शेल्वीला धाड." मी म्हटलं, माय, सेलम तिच्याच राज्यात आहे, तिला हळदीचं काय कमी? "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्हायेरी चार दीस जाऊ दे हळदीला. आन शेल्वीला सांग नीट, हिला भर द्यायची म्हनावं. हिला द्यायची."

मी पार्सल केलं, आणि निरोप जसाच्या तसा दिला.

आज मी बांधावर उभी आहे. बाया वाकून पुढे सरकताहेत आणि माय त्यांच्या मागे राहिलेल्या झाडांना हात लावत येतेय. फोन वाजला. शेल्वी, व्हिडिओ लावून. पहिल्यांदा नुसतं पाणी दिसलं, ओहोटीचं, आणि पाण्यात सासू. वाकून चालायला लागलीय आता. ती एका ठिकाणी थांबली आणि पायाने खाली दाखवलं. हिरवं. शेल्वी मागून बोलत होती: इथे अम्माच्या तीन ओळी होत्या. बाजूचं गवत यंदा आत शिरलं. आता कुठून कुठपर्यंत होत्या ते तिला स्वतःला सांगता येत नाही.

"माय!" मी हाक मारली.

"हात भरलेत माझे. तूच आन इकडं."

तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. मी चपला बांधावर काढल्या आणि सरीत उतरले. चिखल थंडगार लागला. फोन तिच्या तोंडासमोर धरला. ती त्या हिरव्याकडे बघत राहिली, डोळे बारीक करून, मान पुढे काढून. हात तोंडाशी गेला, त्याचा चिखल ओठाला लागला, तो तिने पुसला नाही.

मग शेल्वीने फोन फिरवला. तिचं घर, दारात मासे ठेवायचा थर्माकोलचा फुटका खोका, त्यात वाळूमिश्रित माती, आणि मातीत हळद. आमच्या शेतातल्या हळदीएवढी नाही, पण उभी. शेल्वीने फोन कुणाच्या तरी हातात दिला, खोक्यापाशी बसली, दोन्ही तळव्यांनी दोन्ही बाजूंची माती ओढली, बुडाशी लावली आणि थापटली. मग वर बघून विचारलं,

"अम्मा, बराबर?"

माय हसली. "सरी," ती म्हणाली. "सरी, सरी." आणि वाकून पुढच्या झाडाला भर द्यायला लागली.